मोसंबी, लवंगा आणि मुंबईची ओल

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून लवंगा टोचलेले एक संत्रे मोठ्या कौतुकाने माझ्या साड्यांच्या कप्प्यात ठेवले. दहाव्या दिवशी मी कपाट उघडले तेव्हा त्या संत्र्यावर शेवाळी रंगाची मऊ भुकटी चढलेली होती, खालच्या नारायणपेठ साडीच्या काठावर रुपयाएवढा ओला डाग पडला होता आणि कपाटातून असा काही दर्प आला की त्याला सुगंध म्हणणे आईच्या मायेलाही जमले नसते. मुलगी मात्र नाक न दाबता, अगदी गंभीरपणे, "वास तर येतोय की," एवढेच म्हणाली. तो डाग अजून पुरता गेलेला नाही, आणि त्या डागापासूनच आमच्या घरात फळे वाळवण्याचा जो उद्योग सुरू झाला, त्याविषयी आज लिहिते आहे.

लवंगांचे संत्रे ही मूळची युरोपातली गोष्ट. तिकडे त्याला पोमँडर म्हणतात, आणि हा शब्द 'अंबराचे सफरचंद' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आला आहे, कारण आरंभी अंबर, कस्तुरी अशा सुगंधी द्रव्यांचा गोळा जाळीदार धातूच्या डबीत घालून तो गळ्यात किंवा कमरेला अडकवण्याची पद्धत होती. रोगराई दूषित हवेतून पसरते अशी त्या काळची समजूत असल्यामुळे नाकाशी सुगंध धरला की आपण सुरक्षित राहतो असे लोकांना वाटे. १६ व्या शतकात इंग्लंडमधील कार्डिनल, म्हणजे उच्च पदावरचा ख्रिस्ती धर्मगुरू, वूल्झी हा गर काढून आत व्हिनेगरचा बोळा भरलेले संत्रे गर्दीत नाकाशी धरीत असे, असे त्याच्या चरित्रात नोंदवलेले आहे. आमच्याकडे हे संत्रे आले ते मात्र आमच्याच मजल्यावरच्या, माहेरच्या वसईच्या असलेल्या शेजारीणबाईंकडून, कारण त्यांच्या दारावर नाताळात असे एक फळ लाल फितीने टांगलेले असते. "आधी सुकव, मग ठेव," असे त्यांनी मुलींना स्पष्ट सांगितले होते; मुलींनी त्यातला दुसरा अर्धा भाग ऐकला.

त्या फजितीनंतर मी या विषयावरच्या बऱ्याच कृती वाचल्या, आणि जवळपास प्रत्येकीत 'उबदार, कोरड्या जागी काही आठवडे ठेवावे' असे एक वाक्य सहज टाकून दिलेले आढळले. ज्यांच्या घरात हिवाळाभर हीटर चालतो आणि हवेने ओठ फुटतात, त्यांना ते वाक्य पुरेसे असेल. दादरला, समुद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने 'कोरडी जागा' कुठून आणायची? इथे बरणीतले मीठ पाझरते, तळलेला पापड पान वाढून होईपर्यंत मऊ पडतो, आणि पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. तेव्हा मुंबईत फळाचा सुगंध टिकवायचा तर त्याच्यातली ओल वेळेवर बाहेर काढायची आणि बाहेरची ओल त्याला लागू द्यायची नाही, एवढेच खरे काम आहे. लवंगा, फिती, दालचिनीच्या कांड्या हा सगळा नंतरचा साज झाला. मुलांच्या हस्तकलेच्या वर्गांत नेमका हा साजच तेवढा शिकवतात, आणि म्हणून घरी नेलेली फळे आठवड्यात कचऱ्याच्या डब्यात जातात, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

खरे पाहता हे आपल्या घरांना नवीन नाही. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद यांच्या जोडीला संत्र्याची वाळवलेली साल असते, आणि माझी आजी ती साल हिवाळ्यातच सुपात पसरून, हातात घेतल्यावर कडकन मोडेपर्यंत उन्हात ठेवून, मग डब्यात भरीत असे. वाकली पण मोडली नाही तर पुन्हा सूप बाहेर जाई. कपड्यांत कसर लागू नये म्हणून ठेवायची वेखंडाची पुरचुंडी, पिण्याच्या पाण्याच्या माठातली वाळ्याची जुडी, हेही वाळवणाचेच प्रकार. तिच्या तोंडी 'सुगंध' हा शब्द फारसा नसे, 'वास धरून राहिला पाहिजे' असे ती म्हणे, आणि वास धरून राहण्याची अट तिच्या लेखी एकच होती, ती म्हणजे मोडण्याचा आवाज. तो आवाज ही मुलांना देता येईल अशी उत्तम खूण आहे, कारण त्यासाठी घड्याळ लागत नाही आणि मोठ्यांना विचारावेही लागत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही आधी फळ बदलले. डिसेंबरात मुंबईत येणारे नागपुरी संत्रे हे आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचे, खायला सुरेख, पण त्याची साल फोडींपासून सुटलेली, पोकळ असते. तिच्यात लवंग टोचली की ती गरापर्यंत न रुतता सालीतच लटकत राहते, साल फाटते आणि त्या फटीतून रस झिरपू लागला की बुरशीला आमंत्रण मिळते. पंजाबातून येणारा किन्नू त्या मानाने घट्ट सालीचा असतो. पण आमच्या घरात एकमताने निवडून आली ती मोसंबी. तिची साल अंगाला घट्ट चिकटलेली, जाड आणि तेलकट असते, आणि वाळताना ती एकसारखी आक्रसत जाते. रंगाने ती हिरवट-पिवळी असल्यामुळे नाताळच्या चित्रांतल्या केशरी गोळ्यासारखी दिसत नाही, अशी एक तक्रार मुलांच्या गटातून आली होती. महिन्याभराने दोन्ही फळे सारखीच तपकिरी होतात हे कळल्यावर ती तक्रार मागे घेण्यात आली.

लवंगांसाठी मी लालबागच्या मिरची गल्लीत गेले, आणि मुलांना मुद्दाम बरोबर नेले. आदल्या वर्षी कोपऱ्यावरच्या एका दुकानातून आणलेल्या लवंगा दिसायला टपोऱ्या होत्या, पण त्यांना वास बेताचाच होता. त्यांतले तेल आधीच काढून घेतलेले असावे असा मला दाट संशय आहे. लवंगेची पारख मुलांनाही करता येते. देठाला नखाने दाबले की चांगल्या लवंगेतून तेलाचा ओलसर ठिपका वर येतो. आणि पेल्यातल्या पाण्यात टाकली तर ती बुडते किंवा निदान डोके वर करून उभी राहते, तेल गेलेली मात्र पाण्यावर आडवी पडून तरंगते. घरी आल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर पाण्याचे चार पेले आणि प्रत्येकात पाच-पाच लवंगा असा अर्धा तास परीक्षेचा कार्यक्रम झाला. लवंग ही न उमललेली कळी असते हे एकाही मुलाला ठाऊक नव्हते. एक लवंग कोमट पाण्यात भिजवून तिचे वरचे गोल टोपण टाचणीने उघडले तेव्हा आत दुमडलेले केसर दिसले, आणि माझ्या सात वर्षांच्या भाच्याने ती लवंग टोचायला देण्यास साफ नकार देऊन खिशात ठेवली.

टोचण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. लवंगेचा देठ सरळ सालीत दाबला तर डोके तुटते किंवा अंगठ्याचे कातडे सोलवटते. म्हणून आधी भोक पाडावे लागते, आणि त्यासाठी लहान मुलांना दाताची काडी पुरत नाही, ती सालीतच मोडते. गोणी शिवायचे दाभण उत्तम, पण ते मोठ्यांनी हातात ठेवावे. आम्ही अशी वाटणी केली की मी दाभणाने भोके पाडत जाणार, मधल्या वयाची मुले लवंगा बसवणार आणि सर्वांत लहान दोघे डोके नसलेल्या लवंगा निवडून मसाल्याच्या डब्यात टाकणार. माझ्या आईच्या शिवणाच्या पेटीतले पितळी अंगुस्तान बाहेर निघाले आणि ते कोणी घालायचे यावरून भांडण झाले. दोन लवंगांमध्ये एका लवंगेच्या डोक्याएवढी जागा सोडावी, कारण फळ वाळून लहान होते आणि लवंगा आपोआप एकमेकींना भिडतात. ही जागा न सोडल्यास साल मधेच चिरते. फळाभोवती फीत बांधायची असेल तर तिच्या रुंदीचा पट्टा आधीच मोकळा ठेवावा लागतो. एका मोसंबीला २१७ लवंगा लागल्या, असे मुलीने मोजून सांगितले. तेवढ्या लवंगांत वर्षभराचा मसालेभात झाला असता, असे माझ्या आईने मोजून सांगितले.

मग ती मोसंबी एका कागदी पिशवीत घालून वेखंडाची, दालचिनीची आणि जायफळाची पूड तिच्यावर टाकून पिशवी हळूहळू हलवायची. पाश्चात्त्य कृतींत या ठिकाणी आयरिस या फुलझाडाच्या मुळाची पूड सांगतात, कारण ती इतर वास धरून ठेवते. ती शोधत हिंडण्यापेक्षा मी काष्ठौषधींच्या दुकानातून वेखंड आणले; त्याचा स्वतःचा वास उग्र असला तरी कसरीच्या बाबतीत आजीचा त्याच्यावर भरवसा होता आणि माझाही आहे. पूड बारीक असल्यामुळे मुलांना शिंका येतात, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी तोंडात बोट घालणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

यापुढचे सात आठवडे हाच या उद्योगाचा गाभा होता. मुलांचा उत्साह दुसऱ्या दिवशी संपतो, हे मला आदल्या वर्षीच्या अनुभवाने माहीत होते, म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा खाली काढला आणि दर रविवारी मोसंबीचे वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायचे असे ठरवले. पहिल्या दिवशी लवंगांसह वजन २१९ ग्रॅम होते. पहिल्या रविवारी ते १८३ झाले, दुसऱ्या रविवारी १५१, तिसऱ्या रविवारी १२२. मोसंबीत बहुतांश पाणीच असते हे वाक्य शाळेच्या पुस्तकात असते, पण 'एकादशी'च्या खाली निळ्या पेनने लिहिलेला १५१ हा आकडा पाहून भाच्याने "उरलेली मोसंबी कुठे गेली?" असे विचारले तेव्हा मला त्या पुस्तकाची कीव आली. ती हवेत गेली, असे मी सांगितले. त्यावर तो खोलीत नाक वर करून दोनदा हुंगून आला आणि "हो, थोडी आहे," असे त्याने जाहीर केले.

वाळवण्याची जागा मात्र तीनदा बदलावी लागली. इमारतीच्या गच्चीला कुलूप असते आणि किल्ली मागायला गेले की कारण लिहून द्यावे लागते. 'मोसंबी वाळवणे' हे कारण लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवावी तर कबुतरे, आणि शिवाय समोर पुनर्विकासाचे काम चालू असल्यामुळे सकाळी ठेवलेल्या वस्तूवर दुपारपर्यंत करड्या धुळीचा थर बसतो. शेवटी सेट-टॉप बॉक्सवर, जिथे दिवसभर मंद ऊब असते, एक जाळीदार चाळण उलटी ठेवून तिच्यावर मोसंबीची स्थापना झाली, आणि रोज ती थोडी फिरवून ठेवण्याचे काम मुलीकडे गेले. जानेवारीतल्या काही सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येतो तेव्हा ती दोन तास खिडकीत जाई. दुपारी समुद्रावरचा दमट वारा सुरू झाला की आत येई. मुंबईचा वारा दिवसातून दिशा बदलतो, ही गोष्ट या शहरात जन्म काढूनही मी एवढ्या बारकाईने कधी पाहिली नव्हती.

तरीही दुसऱ्या आठवड्यात देठाच्या खळगीत एक पांढरा ठिपका दिसलाच. संत्र्या-मोसंबीवर येणारी ही बुरशी पेनिसिलियम कुळातली असते. आधी पांढरी दिसते आणि मग बीजाणू धरले की हिरवी किंवा निळसर होते. पेनिसिलिन हे औषध ज्या बुरशीपासून मिळाले ती याच कुळातली, मात्र जात वेगळी, आणि घरातली बुरशी हे काही औषध होत नाही, हेही लगोलग सांगावे लागले. तो ठिपका मी व्हिनेगरने पुसून त्या जागी चार लवंगा जास्त टोचल्या आणि फळ ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर, दार किंचित उघडे ठेवून, तासभर ठेवले. लवंगेतले युजेनॉल हे द्रव्य बुरशीला रोखते, दातदुखीवर लवंगेचे तेल लावतात तेही त्याच्यामुळेच. पण देठाची खळगी रिकामी सोडली तर तिथे ते पोहोचत नाही, हा त्या वर्षीचा धडा. एकदा हिरवा रंग धरला की मात्र फळ टाकून द्यावे. मुले रडली तरी टाकावे.

मोसंबीला वेळ लागतो म्हणून मधल्या काळात मुलांचे हात रिकामे राहू नयेत यासाठी आम्ही चकत्याही केल्या. संत्रे, लिंबू आणि सफरचंद यांच्या साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या, सुती पंच्यात दाबून रस टिपायचा आणि ओव्हनच्या जाळीवर सुमारे १०० अंश सेल्सिअसला अडीच-तीन तास, दर अर्ध्या तासाने उलटत, ठेवायच्या. रस टिपण्याचे हे काम टाळले तर चकती भाजली जाते, वाळत नाही. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये. आमच्या दोन चकत्यांचा त्यात मधोमध कोळसा झाला आणि कडा ओल्याच राहिल्या. वाळलेली संत्र्याची चकती खिडकीसमोर धरली की फोडींच्या भिंती रंगीत काचेसारख्या दिसतात. या चकत्या, दालचिनीचे तुकडे आणि मधूनमधून एखादे चक्रीफूल जाड दोऱ्यात ओवून केलेले तोरण आम्ही संक्रांतीच्या सुमारास भाचीच्या बोरन्हाणाला पाटामागे बांधले होते. खाली बोरे, उसाची गंडेरी, हलवा आणि चुरमुरे, अंगावर हलव्याचे दागिने आणि मागे हे तोरण, असा तो थाट होता. पाहुण्यांपैकी एका आजींनी "रुखवतातले सुपारीचे वाजंत्रीवाले आम्ही असेच करत होतो," असे म्हणून तोरणाचा दोरा तपासला आणि गाठ सैल आहे असे सांगून स्वतः पुन्हा बांधून दिली.

सालींचा खेळ हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्यातून हस्तकला अशी काही निष्पन्न होत नसली तरी मुलांना तोच सर्वांत प्रिय होता. संत्र्याच्या सालीत बारीक बारीक तेलाच्या पिशव्या असतात, त्या तेलात लिमोनीन हे द्रव्य प्रामुख्याने असते, आणि साल दुमडून पिळली की त्याचा फवारा उडतो. लहानपणी आम्ही तो भावंडांच्या डोळ्यांत उडवत असू. आता मी तो निरांजनाच्या ज्योतीवर उडवून दाखवला तेव्हा बारीक ठिणग्यांची फुलबाजी झाली. (हे मोठ्यांनीच, हात लांब ठेवून करावे.) फुगवलेल्या फुग्यावर तोच फवारा मारला तर फुगा फटकन फुटतो, कारण लिमोनीन रबराला विरघळवते. थर्माकोलचेही तेच होते, हे आम्हाला अपघातानेच कळले. कुठल्याशा खोक्यातून आलेल्या थर्माकोलच्या तुकड्यावर मुलांनी ताज्या साली रचून ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी त्या तुकड्याला चिकट खड्डे पडले होते.

त्याच दिवशी, फोडणीसाठी काढलेले कढीपत्त्याचे एक पान मी मुलांना उजेडासमोर धरून पाहायला सांगितले. नीट पाहिले तर पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्याही तेलाच्याच पिशव्या आहेत. कढीपत्ता, लिंबू, बेल आणि कवठ ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत, आणि हे एकदा सांगितल्यावर मुलांनी घरातले प्रत्येक पान, मनीप्लांटसुद्धा, दिव्यासमोर धरून तपासले. तुळशीत ते ठिपके का दिसत नाहीत, असा प्रश्न आला. तुळशीच्या पानाचे तेल पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते, म्हणून ते उजेडासमोर धरण्यापेक्षा बोटांनी चुरगाळून हुंगावे, असे उत्तर मला सुदैवाने देता आले.

महाशिवरात्रीच्या आसपास दादरच्या मंडईत कवठे येतात. चटणीसाठी गर काढला की उरलेल्या कवचाच्या दोन वाट्या इतक्या टणक असतात की त्या पणतीसारख्या वापरता येतात, मात्र फळ फोडताना हातोडीने मधोमध रेष धरून हलके ठोके द्यावे लागतात, नाहीतर ठिकऱ्या होतात. आमच्या पहिल्या दोन कवठांच्या ठिकऱ्याच झाल्या. आतला गर चमच्याने खरवडून, वाटी उन्हात वाळवून, पॉलिश-पेपरने घासून मुलांनी तिच्यात उटण्याची साल, वेखंड आणि सुक्या गुलाबपाकळ्या भरल्या. कवठाचा स्वतःचा आंबट-गोड वास आठवडाभर त्या सगळ्यांवर मात करतो, हे ज्यांना तो वास आवडत नाही त्यांनी आधीच लक्षात घ्यावे. माझ्या नवऱ्याला तो आवडत नाही. वाट्या आठवडाभर जिन्यात होत्या.

उन्हाळ्यात आंब्यापुढे दुसऱ्या कशाचा टिकाव लागत नाही, आणि आंब्याला वाळवून त्याचा वास टिकवण्याचा खटाटोप मी केला नाही, कारण खाल्ल्याशिवाय उरतो कुठे? कोय मात्र उरते. ती खरवडून धुऊन उन्हात वाळवली की तिच्या रेषांची दाढी होते, आणि हापूसपेक्षा रायवळ आंब्याची कोय दाढीसाठी कितीतरी सरस, हे मुलांनीच शोधून काढले. पावसात उकिरड्यावर रुजलेली कोय दगडावर घासून तिची पिपाणी वाजवणे हे माझ्या आजोळच्या, सिंधुदुर्गातल्या, मुलांचे कसब. दादरच्या कुंडीत आम्ही दोन कोयी रुजत घातल्या, त्यांतली एक कुजली आणि दुसरीने असा काही सूर काढला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

पावसाळ्यात वाळवण्याचे नावच घेऊ नये. पण सुगंधी फळांची सर्वांत सुंदर रचना मी पाहिली आहे ती पावसाळ्यातलीच, आजोळच्या गणपतीवरची माटवी. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे बांधून त्यांत नारळ, सुपारीचे शिपटे, कवंडळ हे रानवेलीचे फळ, तोरिंजन हे लिंबाच्या जातीचे मोठे फळ आणि रानात त्या दिवसांत जे जे मिळेल ते ते टांगायचे. माटवी वाळवायची नसते, पाच-सात दिवस ताज्या फळापानांचाच वास पुरतो, आणि विसर्जनाबरोबर तीही उतरते. तोरिंजनाच्या जाड, खडबडीत सालीचा वास त्या ओल्या खोलीत धूप-कापरालाही मागे टाकीत असे. गेल्या गणपतीत आम्ही जुन्या चित्राच्या चौकटीला सुतळीने लहानशी माटवी बांधली. कवंडळ आणि तोरिंजन दादरच्या बाजारात गणपतीच्या आधीचे दोन दिवसच कोकणातून आलेल्या बायकांकडे मिळाले, तेही सकाळी आठच्या आत. मुलीला तिथे वाळवण्याच्या जबाबदारीतून सुट्टी होती आणि तिने ती मनापासून उपभोगली.

मोसंबीचे वजन फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी झाले, ६४ ग्रॅम. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा ६४ भरले तेव्हा मुलीने तो आकडा कालनिर्णयात दोनदा अधोरेखित केला आणि भाच्याने मोसंबी टेबलावर आपटून पाहिली. लाकडाच्या चेंडूसारखा टणक आवाज आला, एकही लवंग पडली नाही. मग मलमलच्या तुकड्यात बांधून ती साड्यांच्या कप्प्यात गेली, डागाच्या साडीवर, कारण दुसऱ्या साडीवर ठेवू देण्याइतका माझा विश्वास अजून बसलेला नव्हता. परवा जूनच्या पहिल्या पावसानंतर मी कपाट उघडले. लवंगांचा, थोडा वेखंडाचा आणि अगदी तळाशी मोसंबीच्या सालीचा वास आला. मुलीने पुढे येऊन पुरचुंडी उचलली, सोडली, फळ सगळीकडून फिरवून देठाची खळगी पाहिली, आणि काही न बोलता वजनकाटा आणायला गेली.